नेहमीप्रमाणेच अप्रतिम

ज्या दिवशी फोटोकाकू गेल्या, त्या दिवशी सकाळी वसाहतीच्या ग्रुपवर पहिला संदेश आला तो असा : "आज फोटो नाही आला?"

पाठोपाठ दुसरा आला. "नेट गेलंय का?" मग तिसरा. "काकू, टाका ना लवकर, मला कामावर निघायचंय."

काकू रोज सकाळी एक फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या. रोज एकच. कधी तारेवर बसलेला कावळा, कधी पाण्याच्या टाकीखाली झोपलेलं कुत्रं, कधी कचऱ्याच्या गाडीच्या मागून पळणारी शाळेची पोरं, तर कधी नुसतंच भिंतीवर पडलेलं ऊन. खाली सुविचार नाही, शुभ सकाळ नाही. त्यामुळे हा फोटो नेमका कशासाठी असतो हे वसाहतीत कुणालाच कधी कळलं नाही. पण रोज येतो म्हटल्यावर रोज दाद देणं आलं, आणि फुकटची दाद देण्यात वसाहत कधी मागे राहिली नव्हती.

त्या सकाळी काकूंचा फोन उशाशी सारखा थरथरत होता. काकूंच्या नवऱ्याचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं, म्हणून त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. चष्मेवाल्यांनी जन्मात कुणाला संदेश पाठवला नव्हता. डॉक्टर येऊन, नाडी बघून, मान हलवून गेले होते. लेक परगावाहून निघाली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि फोन काही थांबत नव्हता. शेवटी त्यांनी तो हातात घेतला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, "ती आज पहाटे वारली. फोटो येणार नाही."

उत्तरं लगेच आली.

"वा!"

"नेहमीप्रमाणेच अप्रतिम!"

"काकू, तुम्हाला तोड नाही."

एकाने गुलाबाची फुलं पाठवली. वसाहतीच्या सेक्रेटरींनी उभा अंगठा पाठवला. काकूंच्या नावासमोर काही दिसलं की अंगठा पाठवायचा, हे त्यांच्या हाताला इतकं पाठ झालं होतं की त्यात डोळ्यांना त्रास द्यायची गरज उरली नव्हती.

तळमजल्यावरच्या मांजरवाल्या बाईंनी तेवढा संदेश वाचला. त्यांनी लिहिलं, "अहो, डोळे फुटलेत का सगळ्यांचे? वाचा तरी काय लिहिलंय ते!" मग हात जोडलेली चित्रं आली. ज्याने "अप्रतिम" लिहिलं होतं, त्यानेच सगळ्यांत लांबलचक श्रद्धांजली लिहिली. वरचं "अप्रतिम" मात्र त्याने तसंच राहू दिलं.

महिनाभराने सेक्रेटरी चष्मेवाल्यांकडे आले. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या काकूंच्या फोटोला नमस्कार केला आणि पंख्याखालची खुर्ची धरली.

"काका, ग्रुपची पार रया गेलीय हो."

"का?"

"फोटो नाही. आधी कसं होतं, सकाळी काकूंचा फोटो यायचा. वा वा म्हणण्यात लोकांचा तासभर बरा जायचा. आता उठल्या उठल्या पार्किंगवरून सुरू होतात. काल तर दात घासायच्या आधी दोघांनी एकमेकांचा बाप काढला."

"मग?"

"मग तुम्ही टाका की फोटो. रोज एक. काकूंची परंपरा खंडित होऊ नये, असं सगळ्यांचं मत आहे."

"मला फोटो काढता येत नाही."

"काकूंना तरी कुठं..." सेक्रेटरींनी जीभ चावली. "म्हणजे सुरुवातीला हो. त्यात काय असतं? फोन धरायचा आणि दाबायचं. आपली वसाहत आहे, झाडं आहेत, पाखरं आहेत. काहीही चालतं."

काहीही चालतं, हे सेक्रेटरी खरं बोलले. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी काकूंचा फोन घेतला, फाटकाबाहेर जाऊन झाडावरच्या खारीवर नेम धरला आणि दाबलं. घरी येऊन बघतात तर फोटोत खार नव्हती, झाडही नव्हतं. होता तो त्यांचा स्वतःचा अंगठा, एका बाजूने जरा उजेड आलेला. दुसरा काढायला वेळ नव्हता, दुकान उघडायचं होतं. त्यांनी तोच पाठवला.

"निःशब्द!"

"अंधारातून उजेडाकडे. काय विचार आहे काका!"

"नेहमीप्रमाणेच अप्रतिम!"

चष्मेवाल्यांनी आयुष्यात काढलेला तो पहिलाच फोटो होता. तो नेहमीप्रमाणे कसा असू शकेल, याचा ते दुकानात जाईपर्यंत विचार करत होते.

तिसऱ्या दिवशी फोन हटून बसला. दाबलं की पाटी यायची, 'जागा शिल्लक नाही'. चष्मेवाले दुकानासमोरच्या मोबाइलवाल्याकडे गेले.

"काका, फोन गच्च भरलाय," मोबाइलवाला म्हणाला.

"कशानं?"

"फोटोंनी. हे बघा. कावळा, कावळा, नळ, कुत्रं, परत कावळा. आणि ही चिमणी तर बघा, एकच चिमणी किती वेळा काढलीय!"

"वेगवेगळ्या असतील."

"सगळ्या सारख्याच तर दिसतात."

"मला तुझे फोन पण सगळे सारखेच दिसतात."

मोबाइलवाल्याने विषय बदलला. "निम्मे उडवू का? एका मिनिटाचं काम आहे."

"हात काढ."

"बरं, मग फोन ठेवून जा. संगणकावर उतरवून देतो सगळे. दोन-तीन दिवसांत देतो."

चष्मेवाल्यांनी फोन त्याच्या हातातून काढून खिशात घातला. दोन-तीन दिवसांत देतो, असं ते स्वतः गिऱ्हाइकांना रोज सांगत. हवालदारांचा वाचायचा चष्मा त्यांच्याकडे असाच दोन-तीन दिवसांसाठी आला होता, त्याला आता दुसरा महिना लागला होता.

"मग एकच उपाय," मोबाइलवाला म्हणाला. "नवा काढायचा तर जुना पुसायचा. रोज एक काढा, रोज एक पुसा. हिशेब सोपा आहे."

हिशेब सोपा होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना चष्मेवाले पुसण्यासारखा फोटो शोधायला बसले. कावळ्याचा पुसावा म्हटलं, तर कावळ्याच्या चोचीत काहीतरी होतं, ते काय आहे ते बघण्यात वेळ गेला. नळाचा पुसावा, तर नळाच्या तोंडाला थेंब लोंबत होता. तो पडायच्या आत टिपायला ती किती वेळ तिथे उभी राहिली असेल, कोण जाणे. एक फोटो अगदीच बिघडलेला सापडला. रस्ता तिरका, कडा धूसर. पण खालच्या कोपऱ्यात तिची सावली आली होती. तोही राहिला.

ती रोज सकाळी फोन त्यांच्यापुढे धरायची. "अहो, बघा तरी." ते कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळत "हं" म्हणायचे. आता कुणी "बघा" म्हणत नव्हतं, तर बघून संपत नव्हतं.

मग त्यांनी तोड काढली. पुसायचा नाही आणि काढायचाही नाही. काकूंचाच एखादा जुना फोटो आजचा म्हणून पाठवायचा. गेल्या वर्षी याच महिन्यातला घेतला की ऊन तेच, झाडांची पानं तेवढीच. कावळ्यांची तर कुणी ओळखपरेड घेणार नव्हतं. आणि ज्यांना अंगठा चालला, त्यांना काय, काहीही चाललं असतं.

पहिला पाठवला तो तारेवरच्या पाखरांचा.

"काका, हात बसला हो तुमचा!"

"दोन दिवसांत एवढी प्रगती!"

आणि ज्याच्या नावावर "अप्रतिम" जमा होतं, त्याने आज मन मोकळं केलं. "राग मानू नका काका, पण काकूंच्या फोटोत ही खोली नव्हती."

चष्मेवाल्यांनी हे वाचलं आणि हातातल्या चष्म्याची दांडी कडकन मोडली. गिऱ्हाइकाला सांगावं लागलं की हल्ली मालच हलका येतो.

आठवडाभर सुरळीत चाललं. मग त्यांनी दवाने भिजलेल्या मेंदीच्या कुंपणाचा फोटो पाठवला. अर्ध्या तासाने दारावर थापा पडल्या. मांजरवाल्या बाई केस तसेच पिंजारलेले ठेवून जिना चढून आल्या होत्या.

"भावजी, माझी मनी!"

"कुठंय?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय! हे बघा, कुंपणाच्या खाली. शेपटी दिसतेय का? काळ्या शेपटीला पांढरं टोक. माझ्या मनीशिवाय दुसऱ्या कुणाला आहे?"

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. शेपटी होती. बाईंची मनी चार-पाच महिन्यांपूर्वी गेली ती परत आली नव्हती. तिच्यासाठी बाईंनी गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं.

"कुठल्या बाजूला गेली? बारीक झालीय का? लंगडत होती का?"

"नाही... म्हणजे... शेपटीवरून काही कळलं नाही."

त्या बाईच्या तोंडाकडे बघून खरं सांगायचं त्यांना धाडस झालं नाही. परिणाम असा झाला की बाईंनी कुंपणाच्या कडेने दुधाच्या वाट्या मांडल्या. मनी आली नाही. बाकी मात्र आसपासची झाडून सगळी मांजरं आली, आणि एकदा आली ती वसाहतीची सभासद असल्यासारखी राहिली. त्यांनी गाड्यांच्या टपांवर झोपायला सुरुवात केली. ग्रुपवर पार्किंगचा वाद मागे पडून मांजरांचा वाद सुरू झाला. सेक्रेटरींनी जातीने येऊन बजावलं.

"काका, जरा जपून. मांजरं-बिंजरं नकोत. निर्जीव काहीतरी टाका. भिंत-बिंत."

चष्मेवाल्यांनी शहाण्यासारखी भिंत शोधली. निळ्या रंगाची, पोपडे निघालेली भिंत, तिला टेकवलेली एक सायकल, आणि सायकलच्या हँडलवर ओळीने बसलेल्या चिमण्या. चिमण्या सजीव होत्या, पण त्यांच्यामागे कुणी वाट्या घेऊन धावणार नव्हतं. त्यांनी फोटो पाठवून दिला आणि दुकान उघडायला गेले.

कुलूप काढतात तोच सेक्रेटरी धापा टाकत आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक फोटो नीट बघितला होता.

"काका! सायकल!"

"बरोबर. निर्जीव आहे."

"अहो, माझी आहे ती! गिअरची! हा बघा, चाकावरच्या पत्र्यावर धाकट्यानं चिकटवलेला वाघ!"

सेक्रेटरींच्या सायकलचं प्रकरण वसाहतीत लहान मुलांनाही पाठ होतं. पोट कमी करायला डॉक्टरांनी सायकल सांगितली, सेक्रेटरींनी ती वाजतगाजत आणली, चार दिवस चालवली आणि गेल्या वर्षी ती चोरीला गेली. पोट राहिलं. त्या चोरीपायी वॉचमनला इतक्या शिव्या बसल्या की बिचारा सायकलची घंटा ऐकली तरी दचकायचा. शिवाय नियम झाला : बाहेरच्या कुणालाही फाटकातून आत सोडायचं नाही. फेरीवाला, भाजीवाली, इस्त्रीवाला, कुणीही असो.

"कुठं काढला हा फोटो?"

चष्मेवाल्यांना पत्ता नव्हता. ती कुठे कुठे फिरायची, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"बाहेर," ते म्हणाले.

"बाहेर कुठं?"

"रस्त्यावर."

"कुठल्या?"

"भिंत आहे त्या."

"आज सकाळी ना? सायकल कुणाच्या ताब्यात होती?"

"चिमण्यांच्या."

"काका, ही थट्टेची वेळ नाही. चला, मी हवालदारांना बोलावलंय. तुम्ही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहात."

"दुकान..."

"दुकान कुठं पळून जातंय! सायकल पळाली होती."

मग जी वरात निघाली, तिच्यात पुढे सेक्रेटरी, मध्ये हवालदार, त्यांच्या बाजूला साक्षीदार म्हणून चष्मेवाले, आणि मागे कामाला उशीर झालेली पण हे सोडून जाववत नसलेली निम्मी वसाहत. मांजरवाल्या बाईही निघाल्या. सायकल सापडते तर मनीही सापडेल, असा त्यांचा हिशेब.

"काका, माझा चष्मा?" हवालदारांनी चालता चालता विचारलं.

"दोन-तीन दिवसांत."

"ते तुम्ही मागच्या महिन्यात पण बोललात."

निळी भिंत शोधायला फार वेळ लागला नाही. वसाहतीच्या मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्याचं दुकान होतं, त्याचीच बाजूची भिंत. भिंतीपाशी काहीच नव्हतं. पण सेक्रेटरी आत घुसले आणि कपड्यांचा एक डोंगर त्यांनी दोन्ही हातांनी उपसला. खाली सायकल निघाली. हँडलवर शर्ट, सीटवर चादरी, मधल्या दांडीवर विजारी. वाघ जागच्या जागी होता.

"सापडला!" सेक्रेटरी ओरडले. "चोर सापडला!"

इस्त्रीवाला हातातली इस्त्री धरून बघतच राहिला. "साहेब, ही सायकल माझी नाहीच."

"बघा! कबूल करतोय!"

"अहो पण मी म्हणतो..."

"तू काही म्हणू नकोस!"

"चल, चौकीत म्हण काय ते," हवालदार म्हणाले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. तेवढ्यात त्यांची नजर सायकलच्या कॅरिअरवर गेली. तिथे एक खाकी गणवेश कडक इस्त्री करून, नीट घडी घालून ठेवला होता. छातीवर त्यांचंच नाव होतं. चोरीच्या मालावर आपला गणवेश दर आठवड्याला विसावा घेतो, हे हवालदारांना रुचलं नाही. त्यांनी घडी हळूच उचलून बगलेत मारली आणि इस्त्रीवाल्याचा दंड जास्तच घट्ट धरला.

इस्त्रीवाल्याने चष्मेवाल्यांकडे बघितलं. "काका, तुम्ही तरी सांगा. काकूंना सगळं माहीत होतं. त्यांनीच तर चिमण्यांचा फोटो काढला होता, इथं उभं राहून. मला म्हणाल्या, हलू नका, उडतील."

चष्मेवाल्यांचा हात खिशातल्या फोनवर गेला. आता गप्प राहावं, तर हा माणूस चौकीत जाणार. बोलावं, तर फोन बाहेर काढावा लागणार, आणि पोलिसांच्या हातात गेलेली वस्तू दोन-तीन दिवसांत देतो म्हणतात. तो फोन गेला तर सगळंच गेलं. कावळे, नळ, तिरका रस्ता, सावली, सगळं.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "हा फोटो आजचा नाही."

"म्हणजे?" सेक्रेटरी म्हणाले.

"गेल्या वर्षीचा आहे. मी काढलेला नाही. तिनं काढलाय. रोज टाकतोय ते सगळे तिचेच आहेत. माझा एकच, अंगठ्याचा."

मागे कुजबुज झाली. "अप्रतिम"वाले गृहस्थ भिंतीचे पोपडे बघू लागले.

"कशावरून गेल्या वर्षीचा?" सेक्रेटरी मागे हटणारे नव्हते.

"तेव्हा तिनं ग्रुपवर टाकला होता. तुमच्या फोनवर असेल की."

सगळ्यांनी आपापले फोन काढले आणि सगळ्यांनी ते पुन्हा खिशात घातले.

"मी तर दर महिन्याला ग्रुपच साफ करतो," एक जण म्हणाला.

"काकूंचे फोटो ना? ते मी रोज रात्री पुसतो," दुसरा म्हणाला. "जागा खातात हो."

हे चष्मेवाल्यांच्या तोंडावर बोललं गेलं. बोलणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"मग तुमच्याच फोनवर असणार," हवालदारांनी हात पुढे केला. "आणा इकडं."

चष्मेवाल्यांनी फोन दिला, पण सोडला नाही. थोडा वेळ दोघांनी तो धरून ठेवला. मग हवालदारांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि वैतागले. "माझा चष्मा यांच्याकडे अडकलाय. मला काही दिसत नाही. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही वाचा. मोठ्यानं. मागं मागं जात चला."

सेक्रेटरी बोटाने ग्रुप मागे सरकवू लागले. "मांजरांचा वाद... पार्किंग... पार्किंग... अंगठा, म्हणजे काकांचा, फोटोतला... पार्किंग... बापावरून... पार्किंग..."

मग ते थांबले.

"काय झालं? वाचा."

"हे... हे दुसरं आहे."

"सगळं वाचायचं. पुरावा आहे."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "ती आज पहाटे वारली. फोटो येणार नाही."

"खाली काय आहे?"

"खाली... वा!"

"काय?"

"वा, असं लिहिलंय. मग... नेहमीप्रमाणेच अप्रतिम. मग, तुम्हाला तोड नाही. मग फुलं आहेत."

"आणि?"

"अंगठा."

"कुणाचा?"

सेक्रेटरींनी फोन खाली केला.

"माझा," ते म्हणाले.

हवालदारांनी टोपी काढली. निम्मी वसाहत चपलांकडे बघत उभी राहिली. सगळ्यांनी त्या सकाळी काय लिहिलं होतं ते सगळ्यांना एकदम आठवलं असावं.

"अजून मागं जा," चष्मेवाले म्हणाले. "सायकल तिकडं आहे."

सेक्रेटरी मुकाट्याने मागे गेले. बराच वेळ बोट सरकत राहिलं. कावळे गेले, कुत्री गेली, पावसाळा उलटा गेला. मग निळी भिंत आली.

"तारीख?" हवालदार म्हणाले.

सेक्रेटरींनी तारीख वाचली.

"त्याच्या वर काय आहे?"

"वर माझाच संदेश आहे. 'काल रात्री माझी सायकल चोरीला गेली आहे. कुणाला दिसल्यास त्वरित कळवावे.'"

"आणि लगेच खाली काकूंनी फोटो टाकला. सायकलचा."

"हो."

"त्याच्या खाली?"

सेक्रेटरींनी फोन जरा तिरका धरला.

"अंगठा आहे का?" हवालदारांनी विचारलं.

"आहे."

इस्त्रीवाल्याचा दंड एव्हाना सुटला होता. त्याला अखेर बोलू दिलं गेलं. गोष्ट साधी होती. आदल्या संध्याकाळी साहेब कपडे न्यायला सायकलवर आले, पाऊस लागला, कुणीतरी गाडीतून सोडतो म्हणालं, साहेब गाडीत बसून गेले. सायकल भिंतीला राहिली. सकाळी काकूंनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "साहेबांना कळेल आता." फोटोखाली साहेबांचा अंगठा आला, तेव्हा निरोप पोचला असंच त्या धरून चालल्या. दिवसभर कुणी आलं नाही म्हणून त्याने सायकल आत घेतली.

"मग सांगायला यायचं नाही का रे?" सेक्रेटरी पुटपुटले.

"दोनदा आलो साहेब. बाहेरच्याला आत सोडायचं नाही, असा तुमचाच नियम झालेला. वॉचमनला म्हटलं, निरोप दे. तो म्हणाला, सायकलीचं नाव काढलं तर माझी नोकरी जाईल."

सेक्रेटरींनी सायकल ताब्यात घेतली. दोन्ही चाकांत हवा नव्हती. ती ढकलत ते वसाहतीत शिरले तेव्हा वॉचमनने फाटक उघडलं, सायकलकडे बघितलं आणि शहाण्यासारखं तिचं नाव काढलं नाही.

मांजरवाल्या बाई चष्मेवाल्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आल्या.

"भावजी, म्हणजे ते कुंपणही गेल्या वर्षीचंच?"

"हो."

"म्हणजे मनी आता नाही."

"गेल्या वर्षी होती," चष्मेवाले म्हणाले. "चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाईंनी पदराने नाक पुसलं. "तेव्हा मी पण नुसतं फूल पाठवलं असणार. शेपटी समोर होती आणि मी फूल पाठवलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तो फोटो मला परत पाठवाल? मी नाही हो पुसणार."

"पाठवतो."

संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचं निवेदन आलं. सायकल सापडल्याचा त्यात उल्लेख होता, कुठे आणि कशी याचा नव्हता. फोटोंच्या बाबतीत यापुढे गोंधळ होऊ नये म्हणून पाच जणांची समिती नेमण्यात आली होती. फोटो त्याच दिवशीचा आहे याची खात्री समिती करेल आणि मगच सभासदांनी दाद द्यावी, असं ठरलं होतं. निवेदनाखाली लगेच दाद आली. "नेहमीप्रमाणेच..." एवढं लिहून कुणीतरी थांबलं, आणि या वेळी पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांनी फोन उघडला. लेकीला त्यांनी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, मी रविवारी येते आणि आईचे सगळे फोटो उतरवून घेते. तोवर एकही पुसू नका." त्यांनी एक मात्र पुसला. अंगठ्याचा. 'निःशब्द' आणि 'अंधारातून उजेडाकडे' यांच्यासकट तो गेला, आणि फोनमध्ये बरोबर एका फोटोपुरती जागा झाली.

ते खाली उतरले. फाटकापाशी वॉचमन टोपी उशाला घेऊन बाकावर पेंगत होता. कुंपणापाशी नव्याने सभासद झालेली मांजरं रिकाम्या वाट्यांभोवती बसली होती. झाडावर खार होती, ती फांदीवरून खाली डोकं करून त्यांच्याकडे बघत होती. तारेवर कावळा होता. चष्मेवाल्यांनी फोन वर केला, मग या वेळी अंगठा कुठे आहे ते बघितलं, आणि फोन पुन्हा खाली केला. जागा एकाचीच होती. ती असती तर तिने कशाचा काढला असता, हे त्यांना सांगता येईना.

खिशात फोन थरथरला. ग्रुपवर संदेश होता, "आज फोटो नाही आला?"

हवालदारांचा चष्मा अजून झालेला नाही. मांजरवाल्या बाईंना शेपटीचा फोटो पाठवायचा आहे. आणि आजचा फोटो अजून काढायचा राहिला आहे.